पराभवाचं कारण कुणी लिहिलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत यरीहोच्या भिंतींवर (बायबलात यहोशवाच्या स्वारीत पडल्या त्या) पानभर लेख आला तो वाचला, आणि त्यावर रोज जी पत्रं छापताय तीही वाचतोय. पत्रांचे सरळ दोन गट पडलेत. एक गट म्हणतो उत्खननात त्या काळच्या भिंती सापडल्याच नाहीत, म्हणजे बायबलमधलं यहोशवाचं पुस्तक सगळी थाप, विषय संपला. दुसरा म्हणतो डेड सी स्क्रोल्स, म्हणजे मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांतल्या जुन्या गुंडाळ्या, सापडले तेव्हाच सिद्ध झालं की हजार वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही, म्हणजे सगळं खरं, विषय संपला. आता अक्षर न बदलणं आणि गोष्ट खरी असणं ह्यांचा काही संबंध नाही, थापेचीही बिनचूक नक्कल करता येते, पण ते सोडा. मला गंमत ही वाटते की दोन्ही गटांना हस्तलिखितांत नेमकं काय आहे हे बघायची गरजच वाटलेली नाही. पाठचिकित्सा, म्हणजे एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या हस्तलिखितांतले मजकूर (पाठ) ताडून बघणं, हा एक रटाळ वाटणारा पण भयंकर इंटरेस्टिंग प्रकार आहे, तो ह्या भांडणात कुणी काढतच नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण आकडे आणि अध्याय कापू नका प्लीज.

आधी 'एक अक्षर बदललं नाही' बद्दल. हे वाक्य पूर्ण खोटं नाहीये. १९४७ साली कुम्रानच्या गुहेत यशया ह्या पुस्तकाची जी मोठी गुंडाळी मिळाली ती आपल्याकडे असलेल्या मध्ययुगीन हिब्रू पोथीशी बऱ्यापैकी जुळते, स्पेलिंगचे आणि बारीकसारीक फरक खूप आहेत पण पुस्तक तेच आहे. लोकांनी तेवढंच ऐकलं आणि ते सगळ्या बायबलला लावून टाकलं. पण त्याच गुहांमधून यहोशवा, शास्ते, शमुवेल, यिर्मया ह्या पुस्तकांचेही तुकडे निघाले, आणि तिथे चित्र एकदम वेगळं आहे. परिच्छेदच्या परिच्छेद जास्त, परिच्छेद कमी, प्रसंग दुसऱ्याच जागी. शिवाय इसवी सनापूर्वी हिब्रूवरून केलेलं ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, हे शेकडो वर्षं 'भाषांतरकाराने मनाचं घातलंय' म्हणून बाजूला ठेवलं जायचं, आणि कुम्रानला नेमके त्या ग्रीकशी जुळणारे हिब्रू तुकडे सापडले! म्हणजे निदान त्या ठिकाणी तरी भाषांतरकार प्रामाणिक होता, त्याच्यासमोरची हिब्रू प्रतच वेगळी होती.

आज हिब्रू बायबल म्हणून जे छापतात ते मुख्यतः लेनिनग्राड कोडेक्सवरून, ती प्रत साधारण १००८ सालची. आलेप्पो कोडेक्स त्याहून जुनी, साधारण ९३० सालची, पण तिची बरीच पानं गहाळ आहेत. ह्या प्रती मसोरेट लोकांच्या, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या ज्यू लेखनिकांच्या, परंपरेतल्या, आणि ह्या मंडळींनी खरंच अक्षरं मोजून मोजून नकला केल्या, त्यांना हात जोडावेत तेवढे थोडे. पण त्यांनी गोठवला तो अनेक पाठांपैकी एक पाठ. त्याच्या आधी, यरुशलेमचं मंदिर उभं होतं त्या काळात, पाठ अजून वाहता होता.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं आहे की हा पाठ कुठे कुठे हलतो हे बघत गेलं की एक पॅटर्न दिसायला लागतो, सगळीकडे नाही पण पुष्कळ ठिकाणी. जिथे हार आहे तिथे नंतरच्या हातांनी कारण लिहिलंय, आणि जिथे जीत आहे तिथे ती जरा फुगवलीये. आणि दोन्हीत कारण लिहिण्याची ओढ जास्त जबरदस्त आहे असं मला वाटतं, कारण जिंकल्यावर कुणी 'असं का झालं' विचारत नाही, हरल्यावर विचारल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण शास्ते अध्याय ६. मिद्यानी लोक टोळधाडीसारखे येतात, पिकं खातात, इस्राएली डोंगरातल्या गुहांत लपतात, कंगाल होतात आणि देवाचा धावा करतात. हे सहाव्या ओवीपर्यंत. मग ७ ते १० मध्ये एक संदेष्टा येतो, नाव नाही गाव नाही, भाषण करतो की देवाने तुम्हाला मिसरातून (इजिप्तमधून) काढलं, हा देश दिला, अमोऱ्यांच्या दैवतांना भजू नका म्हणून सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. आणि गायब. पुन्हा कधीच दिसत नाही. त्याच्या बोलण्यावर कुणी काही म्हणत नाही, पश्चात्ताप नाही, वाद नाही, काही नाही. ११ व्या ओवीपासून देवदूत येऊन अफ्रा गावातल्या झाडाखाली बसतो आणि गिदोन, ह्या गोष्टीचा नायक, द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो तिथून गोष्ट पुढे.

कुम्रानच्या चौथ्या गुहेतून शास्ते ह्या पुस्तकाचा एक तुकडा मिळाला, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. छोटासाच आहे, अध्याय ६ ची दुसरी ते तेरावी ओवी. आणि त्यात सहावीनंतर थेट अकरावी आहे. संदेष्टा नाहीच! धावा केला, की लगेच देवदूत झाडाखाली. स्पॅनिश अभ्यासक हुलिओ त्रेबोये ह्यांनी १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला तेव्हापासून बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की भाषणाशिवायचा पाठ आधीचा, भाषण नंतर कुणीतरी घातलं. काहीजण उलट म्हणतात, की त्या एका लेखनिकाने तो परिच्छेद गाळला किंवा त्याची नजर घसरली, एका तुकड्यावरून एवढं बोलू नका. हा आक्षेप घ्यायला हवा, ग्रीक भाषांतरात ते भाषण आहे हेही खरं. पण मला जे पटतं ते गोष्ट वाचूनच पटतं. तेराव्या ओवीत गिदोन देवदूताला काय म्हणतो बघा. देव आमच्या बाजूला आहे तर मग हे सगळं आमच्यावर का आलं? पूर्वजांनी सांगितलेले ते चमत्कार कुठे गेले? देवाने तर आम्हाला टाकून दिलंय. आता तीन ओव्या आधी त्याचं उत्तर चक्क भाषण करून देऊन झालेलं असेल तर हा प्रश्न बावळट ठरतो, वाचणारा मनात म्हणतो अरे बाबा आत्ताच सांगितलं ना. पण ते भाषण काढा, आणि प्रश्न नुसता उभा राहतो. आणि देव त्याला उत्तर देत नाही! म्हणतो जा, तुझ्या ह्या बळाने जा, मिद्यान्यांच्या हातून इस्राएलला सोडव. का झालं हे सांगतच नाही. कुठल्यातरी लेखनिकाला ही पोकळी सहन झाली नाही असं मला वाटतं, आणि त्याने ती चार ओव्यांनी बुजवली, आणि बुजवताना गोष्ट थोडी गरीब केली. हे माझं मत, तुमच्या वाचकांना नसेल पटत तर दोन्ही पाठ एकदा सलग वाचून बघावेत, दोन मिनिटं लागतात.

आता आय नावाच्या गावाची गोष्ट, तुमच्या लेखात तिला दोन ओळी मिळाल्यात आणि सगळं पान यरीहोने खाल्लं. यहोशवा अध्याय ७ मध्ये यरीहो पडल्यावर लगेच दणका बसतो. हेर म्हणतात दोन-तीन हजार माणसं पुरेत, तीन हजार जातात, पळून येतात, ३६ जण मारले जातात. कारण म्हणे आखान नावाच्या माणसाने यरीहोच्या लुटीतून, जी सगळी देवासाठी राखून नष्ट करायची होती, एक भारी झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेलची सोन्याची वीट डेऱ्यात पुरून ठेवली. त्याला धोंडमार होते, मग अध्याय ८ मध्ये दुसरा हल्ला यशस्वी. ह्या दुसऱ्या हल्ल्याचा हिब्रू पाठ वाचताना डोकं गरगरतं. तिसऱ्या ओवीत यहोशवा रात्री ३०,००० माणसं दबा धरायला पाठवतो, ती बेथेल आणि आय ह्यांच्यामध्ये पश्चिमेला जाऊन बसतात. मग बाराव्या ओवीत तो पुन्हा ५,००० माणसं घेऊन दबा धरायला बसवतो, कुठे, तर बेथेल आणि आय ह्यांच्यामध्ये पश्चिमेला. एकाच जागी दोन दबे, दोन आकडे, आणि पहिल्या ३०,००० ना माहीतच नाही की शेजारी ५,००० येऊन बसलेत! भाष्यकारांनी ह्यावर शेकडो वर्षं कसरती केल्यात. जुन्या ग्रीक पाठात ते ५,००० नाहीतच. सैन्य पूर्वेकडून येतं, दबा पश्चिमेला आहे, संपलं. सतराव्या ओवीत आयबरोबर बेथेलचीही माणसं बाहेर पडली असं हिब्रूत आहे, ग्रीकमध्ये बेथेल नाही. सव्विसावी ओवी, ज्यात सगळ्यांचा नाश होईपर्यंत यहोशवाने भाला धरलेला हात मागे घेतला नाही असं आहे, तीही ग्रीकमध्ये नाही. एकूण यहोशवाचा ग्रीक पाठ हिब्रूपेक्षा साधारण ४ ते ५ टक्क्यांनी लहान आहे असा इमॅन्युएल टोव्ह ह्यांचा हिशोब आहे, आणि हे काही मोघम लहान नाही, असे नेमक्या जागी नेमके तुकडे कमी आहेत. (उलटंही आहे म्हणा, ग्रीकच्या शेवटी काही जास्तीचा मजकूर आहे, यहोशवाच्या कबरीत सुंतेच्या गारगोटीच्या सुऱ्या ठेवल्या वगैरे. एकच पाठ नेहमी शहाणा असं नसतं.)

आयच्या विजयानंतर हिब्रूत यहोशवा एबाल डोंगरावर वेदी बांधतो. आता एबाल आहे पार उत्तरेला शखेमजवळ, आणि अजून मधला मुलूख ताब्यात आलेला नाही, तर हा अख्खी बायकापोरं घेऊन तिकडे जाऊन आला कसा? ग्रीकमध्ये हा परिच्छेद पुढच्या अध्यायात सरकलाय, शत्रू राजे एकत्र आल्यावर. आणि कुम्रानच्या यहोशवाच्या तुकड्यात, जो यूजीन उलरिक ह्यांनी प्रसिद्ध केला, वेदीची ही गोष्ट यार्देन नदी ओलांडल्याबरोबर, पाचव्या अध्यायातल्या सुंतेच्या आधीच येते, म्हणजे गिलगालच्या आसपास. एकच परिच्छेद, तीन घरं. असा परिच्छेद जेव्हा भटकताना दिसतो तेव्हा अभ्यासकांना शंका येते की तो मूळच्या गोष्टीत नव्हता, नंतर तयार झाला आणि ज्याला जिथे सोयीचं वाटलं तिथे त्याने बसवला. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात ही वेदी कुठे बांधायची त्यावर शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या प्रतीत एबाल नसून गरिज्जीम आहे, म्हणजे भांडण डोंगराचंही होतं.

आता जीत फुगवण्याबद्दल. यहोशवा १० आणि ११ मध्ये 'सगळा देश' घेतला, श्वास घेणारं काही शिल्लक ठेवलं नाही, असं पुन्हा पुन्हा येतं. तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत देव म्हातारा झालेल्या यहोशवाला म्हणतो की अजून पुष्कळ देश घ्यायचा राहिलाय. शास्ते अध्याय १ म्हणजे तर न जमलेल्या गोष्टींची यादीच आहे. मनश्शे वंशाला बेथ-शान जमलं नाही, मगिद्दो जमलं नाही, एफ्राइम वंशाला गेजेर जमलं नाही. हेब्रोन एकदा यहोशवा घेतो, एकदा कालेब, एकदा यहूदा वंश. यरुशलेम शास्ते १:८ मध्ये यहूदाने जिंकून जाळलं, आणि तेरा ओव्यांनी म्हणे बन्यामिनाला तिथल्या यबूसी लोकांना हाकलता आलं नाही, शेवटी दावीद येऊन घेतो. हे सगळं हस्तलिखितांत सगळीकडे सारखंच आहे, ते कुणी लपवलेलं नाही. पण शास्ते १:१८ बघा. हिब्रूत आहे, यहूदाने गज्जा, अष्कलोन, एक्रोन त्यांच्या मुलखासकट घेतले. ग्रीकमध्ये आहे, यहूदाने ते घेतले नाहीत. सरळ उलट! आणि पुढचीच ओवी हिब्रूतही म्हणते की सपाटीवरच्या लोकांना हाकलता आलं नाही कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. गज्जा आणि अष्कलोन सपाटीवर नाहीत तर कुठे आहेत? तिसऱ्या अध्यायात पलिष्ट्यांचे पाच सरदार शिल्लक राहिले म्हणून पुन्हा सांगितलंय. आता इथे दोन शक्यता. मुळात 'नाही' होता आणि कुणाला तो नकार खटकला, किंवा मुळात 'घेतलं' होतं आणि ग्रीक भाषांतरकाराने (किंवा त्याच्या हिब्रू प्रतीने) पुढच्या ओवीशी जुळवण्यासाठी 'नाही' घातला. दुसरी शक्यता फेकून देण्यासारखी नाही, अभ्यासकांत ह्यावर एकमत नाही. पाठचिकित्सेत एक जुनी युक्ती आहे, जो पाठ पचायला जड तो बहुतेक आधीचा, कारण लेखनिक सोपं करतो, अवघड करत नाही. इथे गोची अशी की दोन्ही पाठ आपापल्या परीने जड आहेत. मला विचाराल तर हिब्रूतली विसंगती तशीच राहिली ह्याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

'सगळे मारले' ह्या भाषेवर चिडून जी पत्रं आलीत त्यांच्यासाठी एक गोष्ट. इस्राएल हे नाव बायबलच्या बाहेर सगळ्यात आधी कुठे येतं माहितीये? इजिप्तचा राजा मर्नेप्ताह ह्याच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८, फ्लिंडर्स पेट्रीला १८९६ मध्ये थीब्ज इथे सापडला. आणि त्यात काय लिहिलंय, इस्राएल उजाड झालं, त्याचं बीज उरलं नाही. पहिला उल्लेखच नामशेष झाल्याचा! मग इ.स.पू. नवव्या शतकातला, शेजारच्या मोआबचा राजा मेशा, त्याचा दगड १८६८ मध्ये धीबान इथे मिळाला, आता लूव्रमध्ये आहे. तो म्हणतो इस्राएल कायमचं नष्ट झालं, आणि नबो नावाच्या गावात मी ७,००० माणसं मारून आपल्या देवाला वाहिली. म्हणजे हे जिंकलेलं सगळं देवाच्या नावाने नष्ट करायचं खूळ एकट्या यहोशवाचं नव्हतं, शेजाऱ्यांचीही हीच भाषा होती. आणि मोआब आधी का हरलं होतं ह्याचं कारणही मेशा देतोच, आमचा देव कमोश आपल्या देशावर रागावला होता. वाचून अंगावर काटा येतो, हे वाक्य जसंच्या तसं राजे ह्या पुस्तकात खपून जाईल. तर मर्नेप्ताहने इस्राएल संपवलं नव्हतं आणि मेशानेही नाही, विजयाच्या लेखात 'सगळे' लिहायची पद्धत होती. यरीहो आणि आयचा हिशोब करताना हे लक्षात ठेवलं तर 'थाप' म्हणायची घाई कमी होईल. ते वर्णन आहे तसं घडलं असं मी म्हणत नाहीये, आयची जी जागा मानतात तिथे तर इ.स.पू. २४०० च्या सुमारापासून हजारेक वर्षं वस्तीच नव्हती, ह्याला काही उत्तर मला तरी पटलेलं नाही.

मोठ्या पराभवांकडे वळू. इ.स.पू. ७०१, अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून येतो, लाखीश पडतं, त्याची कोरीव चित्रं निनवेच्या महालातून ब्रिटिश म्युझियममध्ये गेलीत. यरुशलेम वाचतं. २ राजे १८:१४ ते १६ ह्या तीन ओव्यांत हिज्कीया राजा सरळ शरण जातो, माझं चुकलं म्हणतो, ३०० किक्कार (जुनं वजन) चांदी आणि ३० किक्कार सोनं भरतो, मंदिराच्या दारांवरचा मुलामा खरवडून देतो. हाच सगळा वृत्तांत यशया ३६ आणि ३७ मध्ये जवळजवळ शब्दशः आहे, फक्त ह्या तीन ओव्या तिथे नाहीत, कुम्रानच्या त्या मोठ्या गुंडाळीतही नाहीत. सन्हेरीबचा स्वतःचा लेख मात्र म्हणतो ३० किक्कार सोनं मिळालं, चांदी तो ८०० सांगतो. सोन्याचा आकडा जुळतो! म्हणजे त्या तीन ओव्या बहुधा दरबारी नोंदीतून आलेल्या, त्यांत राजाच्या नावाचं स्पेलिंगही जरा वेगळं आहे. यशयाच्या संपादकाने त्या वगळल्या की राजे ह्या पुस्तकाच्या संपादकाने नंतर घातल्या, ह्यावर वाद आहे. पण निकाल काहीही लागो, एका प्रतीत राजा खंडणी भरून सुटतो आणि दुसरीत नुसती प्रार्थना करून, देवदूत एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारतो. ज्यांच्याकडे फक्त यशया असेल त्यांच्यासाठी हिज्कीया कधी वाकलाच नव्हता.

योशीया राजाचं तर मला नेहमी वाईट वाटतं. इतका धार्मिक राजा, सगळ्या मूर्ती फोडल्या, आणि इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला इजिप्तच्या नखो राजाकडून मारला जातो. २ राजे २३:२९ मध्ये एका ओवीत संपतो, का मेला ते नाही. इतिहासकाराला, म्हणजे २ इतिहास लिहिणाऱ्याला, हे चालण्यासारखं नव्हतं. त्याने कारण दिलं, की नखोने देवाच्या सांगण्यावरून त्याला आधी बजावलं होतं आणि त्याने ऐकलं नाही. झालं समाधान. पण आता नवीच अडचण, परक्या राजाच्या तोंडून देव बोलतो? मग ग्रीकमध्ये जे पहिलं एस्द्रास म्हणून पुस्तक आहे, ज्यात हाच मजकूर येतो, तिथे योशीयाने न ऐकलेले शब्द यिर्मया संदेष्ट्याचे झालेत! एक मरण, आणि त्याचं कारण असं तीन टप्प्यांत तयार होताना आपल्याला चक्क दिसतं. शौल राजाचंही तेच, १ शमुवेल ३१ मध्ये तो नुसता हरतो आणि मरतो, १ इतिहास १० च्या शेवटी दोन ओव्यांत का मेला ते जोडलंय, भूतविद्येवाल्या बाईकडे गेला म्हणून वगैरे.

आणि यिर्मया. ग्रीक यिर्मया हिब्रूपेक्षा साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने लहान आहे, आणि कुम्रानला त्या लहान पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडे मिळालेत, त्यामुळे तो लहान पाठ हिब्रूतही होता ह्यात आता फारसा वाद नाही. हिब्रूत देव बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजाला, नबुखद्नेस्सरला, तीनदा 'माझा सेवक' म्हणतो, २५:९, २७:६, ४३:१० मध्ये. ग्रीकमध्ये एकदाही नाही. ज्याने मंदिर जाळलं त्याला देवाचा सेवक! हे नंतर घातलं असेल, आणि मला तसंच वाटतं, तर घालणाऱ्याच्या हिमतीची दाद द्यावी लागेल, कारण त्याने पराभवाचा मालकच बदलून टाकला. बाबेलचे देव जिंकले असं म्हणायला जागाच ठेवली नाही. बाबेलला किती लोक कैद करून नेले ह्याचेही आकडे बघा, २ राजे २४ मध्ये एका ओवीत १०,०००, दोन ओव्यांनंतर ७,००० आणि १,०००, आणि यिर्मया ५२ मध्ये तीन खेपांचे ३,०२३, ८३२, ७४५, बेरीज ४,६००. हा शेवटचा अगदी कारकुनी वाटणारा हिशोब ग्रीकमध्ये नाहीच.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक फरक मुद्दाम केलेला. अजिबात नाही, उलट मी म्हणेन बहुतेक फरक झोपेचे आहेत. लेनिनग्राड कोडेक्समध्ये यहोशवा २१ च्या ३६ आणि ३७ ह्या ओव्या नाहीत. रऊबेन वंशाने लेव्यांना (देवाची सेवा करणाऱ्या वंशाला) दिलेली चार गावं त्यात आहेत. कटबिट काही नाही, 'चार गावं' असाच शेवट लागोपाठच्या ओव्यांना येतो, लेखनिकाची नजर एका चारवरून दुसऱ्या चारवर गेली. कळतं कसं, तर पुढे एकूण गावं ४८ म्हटलीयेत आणि ही चार धरल्याशिवाय बेरीज लागत नाही. १ शमुवेल ११ च्या तोंडाशी कुम्रानच्या प्रतीत एक अख्खा परिच्छेद जास्त आहे, अम्मोनी राजा नाहाश ह्याने यार्देनेपलीकडच्या गाद आणि रऊबेन लोकांचे उजवे डोळे फोडले आणि ७,००० माणसं पळून याबेश-गिलादला आली. योसेफस इतिहासकारालाही ही गोष्ट माहीत होती. फ्रँक मूर क्रॉस ह्यांच्या मते हा परिच्छेद नकलेत गळाला, म्हणजे इथे लांब पाठ आधीचा. १९८९ च्या एनआरएसव्ही ह्या इंग्रजी भाषांतराने तो चक्क मूळ मजकुरात छापला, बाकीच्या पुष्कळांनी नाही. काही अभ्यासक अजूनही त्याला नंतरची भर म्हणतात. तर छोटा पाठ जुना हा काही नियम नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा विचार करावा लागतो.

आणि ह्या विद्येच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मीही त्या दोन गटांसारखाच. २ राजे १७ मध्ये इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन पडल्यावर सतराएक ओव्यांचं लांबलचक प्रवचन आहे, का पडलं त्याचं. ते नंतरच्या संपादकांचं असं जवळपास सगळे मानतात, मार्टिन नोथ ह्यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा (अनुवाद ते राजे हा एकाच हाताने जुळवलेला सलग इतिहास) तो एक खांबच आहे. पण त्या प्रवचनाशिवायची प्रत कुठे मिळालेली नाही. तिथे शैलीवरून, विचारांवरून अंदाज करायचा असतो, हस्तलिखित हातात नसतं. शास्ते ६ चा तुकडा म्हणूनच एवढा मोलाचा, की जे इतर ठिकाणी नुसतं अंदाजाने म्हणतात ते तिथे कातड्यावर दिसतं. निदान दिसतंय असं वाटतं.

तेव्हा संपादक साहेब, त्या लेखमालेचा पुढचा भाग दावीद आणि गल्याथवर आहे असं जाहीर केलंय, तर लेखकाला एवढं कळवा की गल्याथची उंची हिब्रूत सहा हात एक वीत म्हणजे जवळपास तीन मीटर असली तरी जुन्या ग्रीक पाठात आणि कुम्रानच्या प्रतीत ती चार हात एक वीत आहे, दोन मीटरच्या आसपास, आणि २ शमुवेल २१:१९ मध्ये गल्याथला दावीद नाही, एल्हानान मारतो. दोन्ही छापा, चित्र काढणाऱ्यालाही सांगा. आणि यरीहोच्या चौकटीत तारखांचा घोळ झालाय तो दुरुस्त करा. १९३० ते १९३६ ची खोदाई जॉन गार्स्टँग ह्यांची, भिंती सापडल्या असं म्हणणारे तेच. त्या भिंती कितीतरी जुन्या आहेत असं दाखवणाऱ्या कॅथलीन केनयन, त्यांची खोदाई १९५२ ते १९५८. तुम्ही दोघांचं श्रेय आणि सालं उलटीपालटी छापलीयेत.

आपला,
एक नियमित वाचक